तेवीस नंबर

नववीची मुलं पस्तीस वर्षांनी त्याच बाकांवर बसली आणि बाकांची काही खैर राहिली नाही. अंथुर्ण्याचा माऊली डाळिंबाच्या बागा राखून राखून इतका सुटला होता, की त्याला बाकात शिरवायला दोघं लागले. खुर्चीतले महिपती सर मनापासून हसले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हार, नारळ, शाल सगळं उरकलं होतं. आता जुनी हजेरी घ्यायची होती, आणि सरांना धास्ती होती ती नेमकी तिचीच.

कारण तेवीस नंबरची सारजा आली होती. लोणी भापकरहून येऊन, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसली होती. नाव पुकारल्यावर तिनं 'हजर' म्हणावं, एवढंच सरांना या वयात देवाकडे मागायचं राहिलं होतं.

काय दिवस होते ते! कौलांतून उतरणारं ऊन, खडूची धूळ, भिंतीवर युरोपचा फाटका नकाशा. इतिहास असा शिकवावा की पोरांनी डबा खायचं विसरावं, हा सरांचा ताठा. पहिल्या महायुद्धाचा धडा आला तेव्हा त्यांनी वर्गाचे दोन गट पाडले. खो-खो खेळायचा आणि जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांवर तह लादायचा, व्हर्सायला जर्मनीवर लादला तसा.

"जर्मनीचं सैन्य कापलं, मुलूख तोडला, दंड बसवला," सर सांगत होते. "वर युद्धाला जबाबदार तुमीच, असं तिच्याकडनं लिहून घेतलं. गेलेला मुलूख माणूस एकवेळ विसरतो. हे विसरत न्हाय. वीस वर्षांत दुसरं युद्ध पेटलं, पोरांनो."

माऊलीचा गट जिंकला. त्यांनी कलमं लिहिली: मैदान आमचं, पाण्याचा माठ तुम्ही भरायचा, आणि हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, 'दोषी' म्हणायचं. हरलेल्यांची कप्तान सारजा. तिनं ओठ आवळून सही केली. उद्या तह मोडू आणि पोरांना विचारू कसं वाटलं, असा सरांचा बेत होता.

त्याच संध्याकाळी पुण्याला प्रशिक्षणाचा हुकूम आला. सर दहा दिवस गेले आणि तह मोडायचा राहून गेला. बदलीवर आलेल्या मास्तरांना वाटलं, ही सरांनीच लावलेली शिस्त. सारजा दोन दिवस 'दोषी' म्हणाली. तिसऱ्या दिवशी 'हजर' म्हणाली, तर तिला वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी ती आलीच नाही. दसरा झाला होता, तिच्या बापाची मेंढरं कोकणात निघाली होती, त्यांच्यामागं तीही गेली. सरांनी परत आल्या आल्या तिच्या घराकडं सायकल हाणली, तर दाराला कुलूप. पावसाळ्याच्या तोंडावर कळप परतला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं.

पुढं निवृत्तीपर्यंत सर दरवर्षी तो धडा शिकवत. 'जबाबदार तुमीच' हे कलम आलं की पान उलटायचे.

हजेरी सुरू झाली. टोपणनावं निघाली, हशा पिकला. एकवीस, बावीस.

"तेवीस. सारजा."

माऊलीनं मान खाली घातली. सारजा उभी राहिली.

"सर, म्या काय म्हणू? त्यो तह कुणी मोडलाच न्हाय की." आवाजात राग नव्हता. "नातीच्या शाळंत सभंला जाते. तितं नाव पुकारलं तरी आदी त्योच शब्द तोंडाशी येतो."

सर उठले. काठी टेकत मधल्या वाटेनं तिच्यापर्यंत गेले. हजेरीचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि माऊलीशेजारी बाकावर बसले.

"माझं नाव घे."

"आवं सर, असं कसं?"

"घे, पोरी. नुसतं नाव घे."

तिनं पदर सावरला.

"महिपती."

सर उभे राहिले. "दोषी."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. शेजारी माऊली बाकातून कसाबसा सुटला आणि नाव न पुकारताच म्हणाला, "दोषी."

सारजानं पुस्तकात बोट फिरवत आपली ओळ शोधली.

"तेवीस," तिनं स्वतःच पुकारलं. मग मान वर केली. "हजर, सर."