मे महिन्यातले आठ दिवस

मृणाली विहिरीच्या कठड्याला चिकटून उभी राहिली आणि त्याची उंची तिने आपल्या अंगाशी मोजली. कठडा कमरेच्या खाली होता. म्हणजे सानवीच्या छातीला लागेल. सहा वर्षांचं पोर तेवढ्यावर सहज चढतं.

"पाणी गोडं हाय हो," मागून सावित्रीकाकू म्हणाल्या. घर त्यांचं, खालची एक आणि माडीवरची एक खोली दर उन्हाळ्यात पाहुण्यांना देत. "समुद्र एवढा जवळ, पण खारटपणा नाय. मे महिन्यात आटत पण नाय."

"यावर जाळी बसवता येईल का?"

"जाळी? आंबे पडतील म्हणून?"

"मुलगी लहान आहे."

"मग बसवू की. आमच्या ह्यांना सांगते."

आधीच्या तीन जागा मृणालीने नाकारल्या होत्या. एकीच्या गच्चीला कठडाच नव्हता, दुसरीच्या दारातून गाड्या जात होत्या, तिसरीकडे फोन लागत नव्हता. इथे भाट्याच्या किनाऱ्यावर तिने आल्या आल्या पायरीपासून सुरूच्या झाडांपर्यंतची आणि झाडांपासून वाळूपर्यंतची पावलं मोजली. खोलीत जाऊन कडी वर-खाली केली. न्हाणीघराच्या फरशीवर चप्पल काढून पाय घासून पाहिला.

"राहायला कुठं तुम्ही?"

"मारुती मंदिरापाशी."

"रत्नागिरीत?" काकू मोठ्याने हसल्या. "अहो बाय, मग इथं रूम कशाला? संध्याकाळी रिक्षा करा, भेळ खा, नि जा घरी. गाववाल्यांना खोली दिली म्हणून लोक मला हसतील!"

मृणालीही थोडं हसली. "तिला समुद्राजवळ राहायचंय."

"बरं. पानं किती?"

या बाजूला पाहुण्यांच्या खाटा कोणी मोजत नाही, जेवायला बसणारी पानं मोजतात. पहाटे किती मासळी घ्यायची, कुणाच्या ताटात तिखट नको, सगळं त्यावर ठरतं.

"तिला बांगडा नको," ती म्हणाली. "काटे काढता येत नाहीत. सुरमई चालते. रात्री नुसता वरण-भात, भात जरा मऊ. आणि झोपताना दिवा पूर्ण बंद नको. दचकून उठली तर तळपाय चोळायचे, उचलून घ्यायचं नाही, उचललं की जास्त रडते."

"आणि तुम्ही काय करणार?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "सगळं माझ्याकडून पाठ करून घेताय ते!"

मृणालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दोन पानं. तिचं आणि तिच्या बाबांचं."

काकूंचे हात कमरेवरून खाली आले.

"कोर्टाने सुट्टीतले आठ दिवस त्याला दिलेत. मागच्या वर्षी तो जहाजावर होता, तेव्हा प्रश्नच आला नाही. आता बारा तारखेला येतोय. मुंबईत मित्रांबरोबर एका खोलीत राहतो, तिथे कुठे नेणार तिला? फोन केला, म्हणाला, खोली तूच बघ. तिला काय लागतं ते तुलाच कळतं. लग्नाच्या सात वर्षांत हे एकदाही म्हणाला नाही."

विहिरीच्या रहाटावर एक साळुंकी बसली, उडाली. काकू पुढे आल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"असं कर गो. माडीवरची खोली मोकळी हाय त्या दिवसात. तू ये. खिडकीतून सगळं दिसतं, अंगण, विहीर, अगदी वाळूपर्यंत. जेवण वर आणून देईन. त्यांना कळायचं पण नाय."

मृणालीने वर पाहिलं. खिडकीला हिरवी जाळी होती. आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आतलं माणूस दिसणार नाही. तिचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेलासुद्धा.

फोन वाजला. शेजारच्या दर्शनाचा. सानवी तिच्याकडेच होती.

"आई, रूम मिळाली?"

"बघतेय गं."

"समुद्राचा आवाज येतो का रात्री?"

"का? भीती वाटेल तुला?"

"मला नाही गं. बाबांना तो लागतो. त्यांना जहाजावर सवय आहे ना, आवाज नसला की त्यांना झोपच येत नाही. मला सांगितलंय त्यांनी." मग जरा दबक्या आवाजात, "ते नवीन जागेत झोपले नाहीत तर मी काय करायचं?"

मृणालीने जिन्याचा कठडा धरला. मग पायरीवरचा पाय खाली घेतला आणि काकूंकडे बघून, नको, अशी मान हलवली.

"थांब हं," ती फोनमध्ये म्हणाली. अंगण ओलांडून ती सुरूच्या झाडांतून पार वाळूपर्यंत गेली आणि फोनचा हात तिने समुद्राकडे लांब केला.

"ऐक. आला?"

पलीकडून सानवी काहीतरी बोलत होती. लाटांत ते ऐकू येत नव्हतं. खांदा दुखू लागला तरी मृणालीने हात मागे घेतला नाही.