खडू उचलायचा नाही

तोंडी परीक्षेत नापास झालो तर वर्ष जाणार होतं. वर्षाचं काय एवढं, वर्षं येतात नि जातात. पण माझी धाकटी बहीण माझ्या एकच वर्ग मागे होती. म्हणजे पुढच्या वर्षी ती माझ्याच बाकावर येऊन बसणार, आणि घरी जेवताना होणारा अपमान मला शाळेतही पोचता होणार.

म्हणून मी कंटिन्युअस फंक्शनची व्याख्या घोटून ठेवली होती: पेन न उचलता ज्याचा आलेख काढता येतो ते कंटिन्युअस. बाकीचं पुस्तक मी त्या एका व्याख्येच्या भरवशावर सोडून दिलं.

गणिताच्या सरांनी विचारलं, एक भागिले एक्स हे फंक्शन जिथे जिथे आहे, तिथे कंटिन्युअस आहे का? काढून दाखव.

मी खडू टेकवला. रेघ उजवीकडून सरकत शून्याजवळ आली आणि वर निघाली. फळा संपला, भिंत लागली, मी खुर्चीवर चढलो. सर पुरे म्हणाले. पण उरलेला अर्धा आलेख शून्याच्या पलीकडे, पार खालून वर येतो, आणि खडू उचलणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी तो भिंतीला घासतच दाराबाहेर पडलो आणि जिना उतरू लागलो. सर मागोमाग. बहुधा कुतूहलाने, रागावलेला माणूस इतका हळू चालत नाही.

खाली बहिणीचा वर्ग. बाई विचारायच्या आतच उत्तरं देते म्हणून तिला दाराबाहेर उभं केलेलं.

"दादा, कुठे निघालास?"

"शून्याच्या पलीकडे."

"अरे, शून्यावर ते फंक्शनच नाही. जिथे नाहीच, तिथे तुटणार काय? दोन्हीकडे आपापल्या जागी ते कंटिन्युअसच आहे. उचल खडू आणि टेकव पलीकडे."

मी सरांकडे वळलो आणि जणू आत्ताच सुचलं अशा चेहऱ्याने म्हणालो, "सर, कंटिन्युअस आहे."

सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, फक्त ते खालच्या वर्गातून आलंय. मार्कही खालीच राहिले.

यंदा पहिल्या दिवशी बहीण जिन्यातल्या माझ्या पुसट रेघेवरून बोट फिरवत वर आली.

"सरक, दादा."

मी सरकलो. अगदी सलग, मध्ये कुठेही न थांबता. बाक कुठे संपतो हे मात्र पाहिलं नव्हतं. मी जिथे पोचलो, तिथे तो नव्हताच.