गुडघ्याचं दुखणं नव्हे
वेलिचको रुसे शहराच्या बंदरात उभा जन्म क्रेन चालवून निवृत्त झालेला. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, दोन्कानं, गल्लीभर सांगून टाकलं की गुडघ्याला शेक घ्यायला जातोय. असलं दुखणं चारचौघांत बोलायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. कॅन्सर जाळणारी किरणं अंगाला दुखत नाहीत, दिसतही नाहीत. मात्र रोज यायचं, पोट साफ हवं आणि लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतडं किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. पुढे जळजळेल, सारखं लघवीला पळावं लागेल, अंगात त्राण राहणार नाही. अंथरुणातला जोरही ओसरू शकतो. त्यावर औषधं आहेत. वेलिचकोनं मान डोलावली आणि कमरेवर किरणांचा नेम धरायला खुणेचे ठिपके गोंदवून घेतले.

पहिल्याच आठवड्यात किरणांचं मशीन अडलं. ताटकळताना त्याला लघवी धरवेना आणि विजार ओली झाली. बाकावरचे सगळे जमिनीकडे बघू लागले. त्यानं नर्सकडून कोरडी विजार मागून घेतली, पुन्हा पाणी ढोसलं आणि पाळी येईपर्यंत तिथंच बसून राहिला.

रविवारी नवरा-बायको कोपऱ्यावरच्या खानावळीत गेली. वेलिचको सारखा उठून संडासाकडे जात होता. बंदरातला त्याचा जुना सोबती मानोल हसला, "काय रे, गुडघा नळाला जोडलाय की काय?"

सगळी खानावळ हसली. दोन्कानं डोळे वटारले, पण वेलिचको गप्प बसला नाही.

"गुडघा ठणठणीत आहे. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय, किरणं घेतोय, म्हणून पळतोय. मी कुणाची चोरी केलेली नाही, लाज कसली?"

हसू विरलं. मानोल चाचरत म्हणाला, "मग आता घरात... मर्द म्हणून..."

"ते मी आणि माझी बायको बघून घेऊ. तू रात्रभर उठत असतोस ना? आधी स्वतःला तपासून घे."

दोन्का घरी पोचेपर्यंत त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. सोमवारी मात्र पाण्याची बाटली घेऊन त्याच्याबरोबर इस्पितळात निघाली. जिन्यात शेजारणीनं गुडघ्याची चौकशी केली, तर म्हणाली, "गुडघा नाही गं, कॅन्सर आहे. आम्ही किरणं उरकून येतो."

पुढच्या तपासण्यांत रक्तातला कॅन्सरचा आकडा उतरला. थकवा उन्हाळाभर हटला नाही, आणि काही गोष्टी पूर्वीसारख्या झाल्याही नाहीत.

मानोल अजून तपासायला गेलेला नाही. वेलिचको त्याला भेटेल तिथं, भर बाजारातसुद्धा, मोठ्यानं विचारतो, "तपासून घेतलंस का?"