मुरुडचा कारागीर

मी एक फुंकणी बोलतेय. चुलीपुढची नव्हे, सोनाराची. पितळेची, वीतभर लांब, टोकाशी जराशी वाकलेली. दिव्याच्या ज्योतीवर माझ्यातून श्वास सोडला की ज्योत सुईसारखी होते आणि दागिन्याचा सांधा जुळतो. श्वास मात्र माणसाचा लागतो.

माझा जन्म बंगालातला, हुगळी जिल्ह्यातला. मोफिजुलच्या बापानं मला विकत घेतलं. पुढं त्याची छाती दमली आणि मी मोफिजुलच्या ओठांशी आले. त्याच्याच पिशवीतून लातूरला आले. गाडीत त्याचं तिकीट पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. मला मात्र ‘तू कुठली’ म्हणून आजवर कुणी विचारलं नाही. वस्तू असण्याचे काही फायदे असतात.

लातूरच्या सराफ्यात गुरुबसप्पांच्या दुकानामागच्या खोलीत आमचं बस्तान होतं. मंगळसूत्राच्या वाट्या, लिंगायतांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डब्या, सगळं मोफिजुल करायचा. पुढं दुकानात गुरुबसप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘पिढीजात कारागीर आहे आमचा.’ खोटं नव्हतं. पिढ्या बंगालातल्या होत्या, एवढंच सांगायचं राहून जाई.

बरीच वर्षं अशी गेली. मोफिजुल ‘हाय’ आणि ‘लई’ म्हणायला शिकला. गुरम्मावहिनी, म्हणजे मालकीणबाई, त्याला धपाटं देताना म्हणायच्या, “मासे न्हाईत बाबा आमच्यात. ह्याच्यावरच भागव.”

मग बातम्या येऊ लागल्या. परदेशी कामगार शोधायला पोलीस कारखान्यांत, हॉटेलांत जाऊ लागले होते. सराफ संघानं दुकानदारांची तयारी करून घ्यायचं काम भीमाशंकरअप्पांकडं दिलं. अप्पा कोर्टातले निवृत्त कारकून. सल्ला द्यायची त्यांना फार आवड होती आणि तो ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं. पण त्या दिवशी ते शहाण्यासारखं बोलले.

“कागदं एका जागी ठेव गुरुबसप्पा. ठाण्यात कारागिराची नोंद दे. अन् पोलीस आले तर जे हाय ते सांगायचं. पळायचं न्हाई, लपायचं न्हाई.”

मोफिजुलचे सगळे कागद चोख होते. अप्पांनी ते चष्मा वर करून, मग खाली करून पाहिले. “काहीच चूक न्हाई,” ते जरा नाराजीनंच म्हणाले.

अप्पा गेले, पण गुरुबसप्पांची भीती गेली नाही. ते मागच्या खोलीत आले आणि पाटावर बसले.

“हे बघ, बंगाल म्हणलास की परदेशी ठरलास, संपलं. बाकीचं कुणी ऐकतच न्हाई. तू मुरुडचा म्हण.”

“मालक, कागदावर हुगळी हाय.”

“कागद कोण वाचतंय? तुझी बोली आपली हाय. लातूरजवळचं मुरुड माझी सासुरवाडी, मी हाय ना सांगायला. म्हण बघू, कुठला तू?”

“मुरुडचा.”

“मोठ्यानं.”

“मुरुडचा, साहेब!”

गुरुबसप्पा खूश झाले. त्या संध्याकाळी मोफिजुलचा श्वास माझ्यातून तुटक तुटक आला. एका वाटीचा सांधा दोनदा सुटला.

आठवडाभरात दोन पोलीस आले. आवाज चढवला नाही, पाणी मागितलं. एकानं कागद हातात घेतले आणि सहज विचारलं, “गाव कोणतं?”

मोफिजुलनं मला मुठीत घट्ट धरलं होतं.

“मुरुडचा, साहेब.”

“मुरुडात कुणाच्या घरी?”

“मालकाच्या... सासुरवाडीत.”

पोलिसानं कागदाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “कागद म्हणतो हुगळी. तू म्हणतोस मुरुड. खरं कोणतं?”

“कागद खरा हाय साहेब,” गुरुबसप्पा पुढं झाले. “म्याच त्याला...”

“मग खोटं का बोलला?”

पोलिसानं ठाण्यात चल म्हणून सांगितलं. मोफिजुलनं मला पाटावर ठेवलं, लुंगी सारखी केली आणि तो त्यांच्याबरोबर गेला. अप्पा कोट घालून ठाण्यात धावले, पण खोटं एकदा तोंडून गेलं की चोख कागदाचाही संशय येतो. चौकशी हुगळीपर्यंत गेली. तिकडून उत्तर यायला कितीतरी दिवस लागले. तेवढे दिवस तो कोंडून होता. उत्तर आलं, माणूस इथलाच आहे, भारतातला. त्याला सोडलं. तो दुकानात आलाच नाही, थेट स्टेशनावर गेला.

गुरुबसप्पांनी कितीदा फोन लावला. एकदा उचलला गेला.

“ये रे बाबा. चूक माझी हाय. तुझी जागा तशीच ठेवलीय.”

पलीकडं श्वास ऐकू आला. तो मी ओळखला.

“येतो म्हणलं तरी मालक,” मोफिजुल म्हणाला, “आता कुणी विचारलं तर कुठला म्हणून सांगू?”

गुरुबसप्पांनी फोन ठेवला आणि मला पाटावरून उचलून खणात ठेवलं.

आता मागच्या खोलीत सांधे जुळवायला गॅसची बंदूक आली आहे. तिला कुणाचा श्वास लागत नाही. मी खणात पडून असते. वाचकहो, तुमच्या पेठेत, मागच्या खोलीत, असा कुणी लांबचा माणूस बसला असेल, तर त्याला त्याच्या गावाचं नाव मोठ्यानं घेऊ द्या. ते नाव घेताना तो जो श्वास सोडेल, तसा मला पुन्हा मिळणार नाही.