आजीचा धवला

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण. माझी आई आवडाबाई कळव्यात धवलारीण होती. ती जाऊन तीस वर्षं झाली, मागे एकच कॅसेट उरली. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं, समृद्धीचं लग्न. तिला मांडवात आजीचाच धवला गायचाय, आजीच्याच आवाजात आणि लयीत. म्हणून मी ती कॅसेट सर्वेश नावाच्या संशोधकाला साफ करायला दिली. तिथेच चुकलं.

या पठ्ठ्याने तिच्यातून हजार वर्षांपूर्वीचं संगीत काढलं! काल ठाण्यात त्याचं व्याख्यान होतं. अंगात खादीचा कुडता, मागे पडद्यावर आलेख. "ही द्रुत लय, हा टिपेचा स्वर. प्राचीन स्त्रिया अशाच गात." मग आईचा आवाज लागला, नुसती चिवचिव. आणि समोरची शिकलीसवरलेली माणसं डोळे मिटून माना डोलवत होती. माझं डोकंच फिरलं.

मी उभा राहिलो. "अहो, कसलं प्राचीन घेऊन बसलात? ती कॅसेट मी भरलेली. सेल संपत आलेले, उन्हात तापवून पुन्हा घातलेले. तेव्हा टेप रखडत फिरला, म्हणून आता गाणं पळतंय!"

सभागृहात हशा पिकला. हजार वर्षं म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला मनापासून बरं वाटलं.

नंतर तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. "काका, चूक माझी. आता वेग किती कमी करू, तेवढं सांगा. आईचा आवाज वाटला की थांबवा."

"त्यात काय मोठंसं!" मी म्हणालो.

समृद्धी वेग कमी करू लागली. चिवचिव गेली, एक बाई गाऊ लागली. आणखी कमी केला, तर दुसरीच, थोराड. पुन्हा वाढवला, तर तिसरी. प्रत्येक वेळी वाटे, हीच आई. सर्वेश माझ्या तोंडाकडे बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, सांग ना, कुठे थांबू?"

मला माझ्या आईचा आवाज आठवत नव्हता.

"थांब. हीच," मी म्हणालो.

समृद्धीचे डोळे भरून आले. तिथेच उभी राहून ती त्या बाईच्या आवाजात आवाज मिळवू लागली.