मागणी मिळाली

घरपोच ऑक्सिजन सिलिंडर पुरवणाऱ्या कंपनीत तिची नोकरी होती. वेबसाइटवरचा मागणीचा फॉर्म तिनेच लिहिलेला. सोमवारी सकाळी तक्रार आली: एका बाईंनी शुक्रवारी दोनदा फॉर्म भरला, सिलिंडर आलाच नाही, आणि शनिवारी त्यांचे यजमान गेले.

"म्हाताऱ्या माणसांना बटण दाबता येत नाही," साहेब म्हणाले. "तरी बघून घे."

तिने स्वतः फॉर्म भरला. मागणी पोचली. पुन्हा भरला, पुन्हा पोचली. दुपारपर्यंत डोकेफोड करून झाली. फॉर्मला डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागे; चाचणी करताना तिच्या जागी ती नेहमी एक छोटी फाइल जोडायची. शेवटी ती फाइल तिने सोडली, नव्या फोनने एका कागदाचा फोटो काढला आणि तो जोडला.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'मागणी मिळाली.'

सर्व्हरवरच्या मागण्यांच्या यादीत काहीच नव्हतं. फोटो फार मोठा म्हणून सर्व्हरने मागणी नाकारली होती. आणि तिचा कोड, उत्तर आलं एवढ्यावरच खूश! ते होकाराचं की नकाराचं, हे तिने तपासलंच नव्हतं. एका ओळीचं काम.

नाकारलेल्या मागण्यांच्या नोंदीत अकरा ग्राहक निघाले. दहा जणांनी वाट बघून फोन केला होता. अकराव्या त्या बाई.

ओळ दुरुस्त झाल्यावर साहेब म्हणाले, "आता झाकली मूठ राहू दे."

संध्याकाळी ती बाईंच्या घरी गेली. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. नाकाला लावायची नळी अजून खिळ्याला लटकत होती.

"काकू, तुम्ही दोन्ही वेळा फॉर्म बरोबर भरला होतात. 'मिळाली' हे खोटं होतं. ते मी लिहिलं होतं."

काकूंनी आपल्या मुलीला फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. "माझी मुलगी म्हणते, माझ्याच वेंधळेपणानं तिचे बाबा गेले. बोलत नाही माझ्याशी. सांग तिला."

तिने सांगितलं, काही न लपवता. पलीकडून घोगरा आवाज आला, "आईला दे."

काकूंनी फोन घेतला आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं. "नीघ आता. पाणीसुद्धा विचारणार नाही मी तुला."

आठवड्याभरात मुलीच्या वकिलाची नोटीस आली. साहेबांनी ती टेबलावर आपटली. "तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि आपला खण रिकामा करायला लागली.