एकाचा सात झाला तेव्हा

मित्रांनो, पोखर्णी गावात व्यंकटरावांच्या घराच्या दाराशी जो राखाडी वीजमीटर टांगलेला आहे, तोच मी. माझे वय बारा वर्षे. आमच्या कुळात हे वार्धक्यच समजले जाते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेथे मला एकच विद्या शिकविण्यात आली, ती म्हणजे घरात शिरणारी वीज मोजणे. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की माझे एक युनिट भरते. रुपये मात्र मला कळत नाहीत. माझा आकडा मोबाइलच्या फोटोत बसून गावाबाहेर जातो आणि बिलाचा कागद होऊन परत येतो. त्या कागदावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ अशी भारदस्त नावे असतात. ही मंडळी कोण, याचे मला फार कुतूहल वाटे. परंतु घरात ती कोणी वाचीत नसे. शेवटची रक्कम पाहून माझ्यावर डोळे वटारावेत, एवढाच आमचा परिचय!

यंदा व्यंकटरावांची सून राजेश्री हिने शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली. तिचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. पायाने यंत्र चालविताना तिला अतिशय कष्ट होत. मोटर आली आणि दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग तिच्यापुढे वाढू लागला.

पुढे खंडेनवमी आली. सासूबाई कडूबाईंनी विळा पुजला, शिवणयंत्र पुजले आणि भक्तिभावाने माझ्याही काचेवर कुंकवाचे आडवे बोट ओढले. मी धन्य झालो. त्यानंतरच्या बिलाने मात्र घरात कल्लोळ माजला. नेहमी शंभराच्या आत असणारे युनिट एकशे चौपन्न झाले होते.

“ही मोटर लय करंट खायलीय,” व्यंकटराव कडाडले. “सोमवारी परभणीला नेऊन इकून टाकतो.”

“शंभराच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग पडतेत म्हनं,” कडूबाई म्हणाल्या.

राजेश्रीचा चेहरा उतरला. “मामा, इकायच्या आधी एकडाव मीटर तर बघू द्या.”

तिने पदराने माझी काच पुसली. बारा वर्षांत मला असे प्रथमच कोणी न्याहाळीत होते! बिलावर चालू रीडिंग ४६७८ होते. माझ्या काचेवर ४६४३ होते.

“आत्याबाई, फोटो काढून आठ दिवस झाले. तरी मीटर बिलाच्या मागंच कसा?”

“उलटा फिरायलाय का काय मेला?” कडूबाई उद्गारल्या.

मित्रांनो, मी उलटा फिरत नाही. पण हे सांगावे कोणत्या तोंडाने?

रीडिंग घेणाऱ्या धम्मानंदला बोलाविण्यात आले. त्याने मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला आणि तो हसू लागला. “काका, आकडा ४६१८ हाय. इंग्रजी एकाच्या डोक्यावर कुंकवाची रेघ आली, एकाचा सात झाला! साठ युनिट कुंकवानं वाढवलेत. चूक माझीबी हाय, मी नीट बघितलं न्हाई. अर्ज द्या, दुरुस्त हुतंय.”

“मग पूजा करायची न्हाई का?” कडूबाईंनी दरडावून विचारले.

“करा की आत्या. पण कपाळाला लावा, डोळ्यात कशाला घालता?”

बिल दुरुस्त होऊन आले. तरीही व्यंकटरावांनी फर्मान काढले, “मोटर ठेव, पण शंभराला बंद.” तेव्हा राजेश्रीने धम्मानंदकडून समजून घेतलेले बिल उलगडून त्यांच्यापुढे धरले.

“मामा, पहिले शंभर युनिट हमेशा कमी दरानंच. वरचे जेवढे, तेवढ्यांनाच चढा दर. स्थिर आकार जोडणीचा, वीज वापरा न्हाईतर नका वापरू. अन् वहन आकार म्हंजी तारांवरून वीज आणल्याचं गाडीभाडं.”

गाडीभाडे! माझे बारा वर्षांचे कुतूहल त्या दिवशी शमले.

दिवाळीच्या महिन्यात मोटर अखंड चालली. रीडिंगच्या दिवशी चष्मा लावून स्वतः व्यंकटराव माझ्यापुढे उभे राहिले. एकशे सात युनिट. माझा दिवा भयाने लुकलुकला.

“सात वर गेलेत,” ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी आत हाक मारली, “पोरी, सातच महाग पडतेल ना? मग शिव तू, शिव.”

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा मीटर येणार, असे ऐकतो. त्याचा मला विषाद नाही. विनंती इतकीच की, त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याचा आकडा आणि बिलाचा आकडा शेजारी ठेवून पाहा. आम्हा मीटरांना बोलता येत नाही. आमच्या बाजूने कोणाला तरी वाचावे लागते.